जात्यंध कोणास म्हणावें ?

जुन्या घराण्यांतील पोथ्यांचे रुमाल सोडूं लागलें म्हणजे वैद्यकाच्या पोथ्या एका बाजूस आणि धर्मशास्त्राच्या दुसऱ्या बाजूस, अशी वांटणी बहुधा झालेली आढळते. ही वांटणी कोणीं सोयीकरितां केली असली तरी तिचा एक परिणाम असा झाला आहे कीं, वैद्यक वाचणारा दायभाग वाचीत नाहीं व दायभाग वाचणारास सुश्रुताचें शारीरस्थान उघडण्याचें कारण पडत नाहीं. ‘जात्यंध’ हा शब्द मात्र दोहोंकडे आहे. जन्मतःच ज्याचे डोळे बनले नाहींत किंवा विपरीत बनले, अशा मुलाविषयीं वैद्य विचारतो, हें कां झालें ? धर्मशास्त्री विचारतो, यास वडिलार्जित मिळकतींत वांटा आहे कीं नाहीं ? हे दोन प्रश्न एकत्र वाचले असतां दोन्ही ग्रंथांवर उजेड पडतो, असें आमचें मत झालें आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तर १९२८ सालापर्यंत खऱ्याखुऱ्या माणसांचें घरदार व शेतभात अवलंबून होतें; तेव्हां हा विषय केवळ शब्दच्छलाचा नव्हे.

प्रथम वैद्यकाकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत डोळ्यांचे ७६ रोग गणले आहेत, परंतु त्या ७६ मध्यें जात्यंधत्व नाहीं. तें शोधावयाचें तर शारीरस्थानांत, म्हणजे गर्भ कसा घडतो हें जेथें सांगितलें आहे तेथें, जावें लागतें. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ज्याला रोग म्हटलें त्याला चिकित्सा सांगितली; जें घडणींतलेंच न्यून मानलें तें चिकित्सेच्या प्रकरणांत आलेंच नाहीं. कफज लिंगनाशावर, म्हणजे आपण ज्याला मोतीबिंदु म्हणतों त्यावर, शलाकेनें वेध करण्याचा विधि उत्तरतंत्राच्या १७ व्या अध्यायांत मोठ्या बारकाईनें दिला आहे. पण मोतीबिंदु घेऊनच जन्मलेल्या मुलाचा विचार त्या विधींत कोठें दिसत नाहीं. शलाका हातीं असलेल्या वैद्यानें या मुलाची जागा गर्भशास्त्रांत ठरवून टाकली होती.

शारीरस्थानांत कारणें सांगितलीं आहेत तीं एक नव्हेत, अनेक आहेत, आणि तीं एकमेकांशीं जुळवून घेण्याचा खटाटोप संहिताकारानें केलेला नाहीं. दुसऱ्या अध्यायांत म्हटलें आहे कीं, गर्भाच्या दृष्टिभागापर्यंत तेज पोंचलें नाहीं म्हणजे मूल जात्यंध होतें. तेंच तेज रक्ताच्या संगतीनें गेलें तर डोळे तांबडे, पित्ताच्या संगतीनें पिंगट, कफाच्या संगतीनें पांढरे आणि वाताच्या संगतीनें विकृत होतात. पिंगाक्षास, म्हणजे घाऱ्या डोळ्यांच्या माणसास, या पंक्तींत बसविलेलें पाहून कोंकणांतील आमचे कित्येक वाचक रुष्ट होतील. परंतु संहिताकाराच्या दृष्टीनें हे सर्व एकाच घडणीचे कमीअधिक फेर आहेत. येथें ना माउलीचा दोष सांगितला आहे, ना पूर्वजन्मीच्या पापाचा. एक पदार्थ एका जागीं पोंचला नाहीं, इतकेंच.

त्याच अध्यायांत थोडें अलीकडे रजस्वलेच्या नियमांत मात्र वेगळाच सूर आहे. त्या दिवसांत स्त्रीनें डोळ्यांत अंजन घातल्यास मूल आंधळें व रडल्यास विकृत दृष्टीचें होतें, असें तेथें सांगितलें आहे. ही यादी कोठून आली हें पाहण्यास वैद्यकाबाहेर जावें लागतें. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडांत (२.५.१) विश्वरूपास मारल्यानें इंद्रास लागलेल्या ब्रह्महत्येची कथा आहे. त्या पातकाचा तिसरा अंश स्त्रियांनीं घेतला, तेंच रज, असें सांगून रजस्वलेनें काय करूं नये याची यादी दिली आहे. त्या यादींत अंजन घालणारीचें मूल काणें व नखें काढणारीचें कुनखी होतें. सुश्रुतांतही नखें काढण्याचें फळ कुनखी मूल हेंच आहे. अंजनाचें फळ मात्र काणेपणावरून पुरतें अंधत्व झालें आहे. एवढें साम्य योगायोगाचें असूं शकत नाहीं. ही यादी रोग्यांच्या अनुभवावरून बनलेली नसून यज्ञशाळेंतून वैद्यशाळेंत आली, असा आमचा निर्णय आहे. तेजाच्या उपपत्तीशेजारी ती बसली असली तरी दोहोंची योग्यता एक मानूं नये. दुर्दैव असें कीं, लोकांत टिकली ती दुसरी. ग्रहणांत गर्भवतीनें कांहीं चिरलें म्हणून मुलास व्यंग आलें, ही समजूत महाराष्ट्रांत सर्वांस परिचित आहे; ती याच कुळांतली होय.

तिसऱ्या अध्यायांत दौहृदाचें, म्हणजे डोहाळ्यांचें, प्रकरण आहे. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून स्त्री दोन हृदयांची होते, आणि तिची इच्छा अव्हेरली तर मूल कुबडें, लुळें, पांगळें, जड, ठेंगणें, विकृताक्ष किंवा अनक्ष निपजतें, असें तेथें म्हटलें आहे. येथें दोषाचा रोख माउलीवर नसून तिला न विचारणाऱ्या घरच्या माणसांवर आहे, हा फरक लक्षांत घेण्याजोगा आहे. त्याहूनही आमचें लक्ष वेधलें तें ‘अनक्ष’ या शब्दानें. अंध म्हणजे न पाहणारा. अनक्ष म्हणजे ज्यास डोळाच नाहीं तो. खोबणींत नेत्रगोल मुळींच नसलेलीं किंवा तो अगदीं बारीक राहिलेलीं मुलें क्वचित् जन्मतात, हें आजचे नेत्रवैद्य जाणतात. ज्यानें हा शब्द विकृताक्षाहून निराळा असा योजिला त्याच्या किंवा त्याच्या गुरूंच्या पाहण्यांत असें मूल आलें असलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

चरकाचा मार्ग याहून निराळा आहे. शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत शंका घेतली आहे कीं, मनुष्यापासून मनुष्य होतो तर आंधळ्याचीं, कुबड्याचीं, मुक्याचीं मुलें बापासारखीं कां होत नाहींत ? उत्तर असें कीं, बीजांत ज्या ज्या अवयवाचा बीजभाग बिघडलेला असेल त्या त्या अवयवास विकृति येते. तो बिघडलेला नसेल तर येत नाहीं. बापाचा डोळा गेला म्हणून त्याच्या बीजांतील डोळ्याचा भाग गेलाच असें होत नाहीं. हा विचार पुढें दायभागाच्या वेळीं आपणांस उपयोगी पडणार आहे, म्हणून तो ध्यानांत ठेवावा.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. १९३३ सालीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत फ्रेड हेल यानें ‘अ’ जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर ठेविलेल्या एका डुकरिणीस ११ पिल्लें झालीं, त्यांपैकीं एकासही नेत्रगोल नव्हते. १९४१ सालीं सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्यानें जन्मजात मोतीबिंदु असलेल्या ७८ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं बहुतेकांच्या आयांस गरोदरपणाच्या आरंभीं रुबेला, म्हणजे गोंवरासारखा दिसणारा पण सौम्य असा पुरळाचा ताप, येऊन गेला होता. १९९१ सालीं बुबुळांतील रंगीत पडदा नसण्याच्या व्यंगाशीं निगडित असलेलें जनुक सांपडलें आणि २००३ सालीं नेत्रगोलच नसण्याच्या कांहीं प्रकारांचें. हें वाचून कोणी म्हणेल कीं, दौहृद म्हणजे आहारांतील उणीव व बीजभाग म्हणजे जनुक. तेव्हां आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें. असें लिहिणें म्हणजे पूर्वजांचा गौरव नव्हे. हेलनें आहार मोजून दिला, आणि पुढें त्याच वंशाच्या डुकरांस नीट आहार दिल्यावर डोळस पिल्लें झालीं हें दाखविलें; ग्रेगनें एकेका आईस विचारून टिपून घेतलें. आमच्या संहितांत पडताळ्याची ती पायरी नाहीं. त्यांत आहे तो प्रश्न नेमका विचारण्याचा गुण, आणि तोच आपला वारसा म्हणून सांगावा.

आतां दुसरा रुमाल उघडूं. मनूनें नवव्या अध्यायांत (२०१ ते २०३) क्लीब, पतित, जात्यंध, जन्मबधिर, उन्मत्त, जड व मूक इत्यादिकांस वांटा नाहीं असें सांगून लगेच पुढें त्यांस यथाशक्ति आमरण अन्नवस्त्र द्यावें, न देणारा पतित होतो, असें बजाविलें आहे. आणि त्यांस संतति झाल्यास त्या संततीस वांटा आहे असें ठरविलें आहे. याज्ञवल्क्यानें (२.१४० ते १४२) हेंच थोड्या फरकानें सांगितलें आहे. वांटा न मिळणारांचे निर्दोष पुत्र भागाचे धनी होत, मुलींचें लग्न होईपर्यंत पोषण करावें, निपुत्रिक पण सदाचारी स्त्रियांस पोसावें, असे त्याचे नियम आहेत. पुत्रांविषयींचा नियम चरकाच्या बीजभागविचाराशेजारी ठेवून पाहावा. आंधळ्याचा मुलगा डोळस असूं शकतो, हें वैद्यानें कारण देऊन सांगितलें. धर्मशास्त्रकारानें तेंच गृहीत धरून त्या मुलाचा हक्क राखला. एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु व्यंग हें कुळाला लागलेलें असून पिढ्यान्‌पिढ्या उतरतेंच, ही समजूत दोघांनाही मान्य नव्हती, एवढें निश्चित.

याच दृष्टीनें धृतराष्ट्राची कथा पुन्हा वाचावी. व्यासांचें उग्र रूप पाहून अंबिकेनें डोळे मिटले, म्हणून पुत्र जन्मांध झाला. हा रजस्वलेच्या नियमांचाच सूर आहे. मग अंधत्वामुळें राज्य पांडूकडे गेलें. हा दायभागाचा सूर आहे. आणि पुढें जात्यंधाच्या निर्दोष पुत्रानें आपला भाग मागितला. राज्य ही वांटणीची मिळकत नव्हे हें खरें. तथापि वरील नियम जाणणाऱ्या श्रोत्यास दुर्योधनाचा पक्ष आज वाटतो तितका पोकळ वाटला नसावा.

मनु व याज्ञवल्क्य यांत एक फरक आहे, तो पाठाचा व फार मोठ्या परिणामाचा. मनूचा शब्द ‘जात्यंध’ आहे, याज्ञवल्क्याचा केवळ ‘अंध’. पन्नाशीला मोतीबिंदूनें दृष्टि गेलेला भाऊ मनूच्या मतें वांटेकरी राहतो. याज्ञवल्क्याचा शब्द जसाच्या तसा घेतला तर तो जातो. विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या विक्रमादित्य चालुक्याच्या कारकीर्दींत मिताक्षरा लिहिली. तींत अंध म्हणजे नेत्रेंद्रियानें विकल एवढाच अर्थ दिला आहे, जन्माची अट घातलेली नाहीं. पण त्यानें दोन गोष्टी जोडून ठेविल्या, त्यांबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. पहिली, वांटणी झाल्यावर व्यंग आलें तर मिळालेला वांटा परत घेतां येत नाहीं. दुसरी, वांटणीनंतर औषधादि उपायांनीं दोष गेला तर वांटणीनंतर जन्मलेल्या पुत्राच्या न्यायानें त्यास वांटा द्यावा. म्हणजे विज्ञानेश्वराच्या हिशेबीं डोळा उघडणें हा एक प्रकारचा जन्मच.

या दुसऱ्या नियमानें वैद्य व धर्मशास्त्री समोरासमोर येतात. कारण जात्यंधास चिकित्सा नाहीं असें वैद्यकानें जवळजवळ गृहीत धरलें होतें; तेव्हां विज्ञानेश्वराची सवलत जन्मांधास शब्दांत मिळाली तरी हातांत मिळत नव्हती. आज जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते. पण दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदु असेल तर ती जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत करावी लागते. उशीर झाला तर डोळा स्वच्छ होऊनही मेंदु पाहण्यास नीटसा शिकत नाहीं. वांटणीनंतर केव्हांही दोष गेला तरी चालेल, असें शास्त्र म्हणतें. शरीर तितकी मुदत देत नाहीं.

इंग्रजी अमलांत कोलब्रुकनें १८१० सालीं मिताक्षरेच्या दायभागाचें भाषांतर प्रसिद्ध केलें आणि हे शब्द कचेऱ्यांत गेले. मुंबई इलाख्यांत मिताक्षरेच्या जोडीला नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख चालत असे. हें भट्ट घराणें मूळचें पैठणचें, पुढें काशीस गेलेलें. मंडलिकांनीं १८८० सालीं व काणे यांनीं १९२६ सालीं मयूखाच्या आवृत्त्या काढल्या, त्या आमच्या वाचकांच्या संग्रहीं असतीलच. मुंबईच्या हायकोर्टापुढें १८७६ सालीं हा प्रश्न आला, व वारसा बुडण्यास अंधत्व जन्मजात असलें पाहिजे, मागाहून आलेलें अंधत्व असाध्य असलें तरी पुरे नव्हे, असा निर्णय झाला. तो मुंबईच्या लॉ रिपोर्टांच्या पहिल्याच खंडांत आहे. मनूचा एक उपसर्गवजा शब्द, ‘जाति’, याप्रमाणें शेंकडों आंधळ्यांच्या घरादाराचें कुंपण झाला. जे जन्मतः आंधळे होते ते मात्र त्या कुंपणाबाहेर राहिले.

परंतु जन्मतः म्हणजे केव्हां, व तें सिद्ध कसें करावें ? मूल जन्मतःच आंधळें आहे हें सुइणीस बहुधा कळत नाहीं. दोनतीन महिन्यांनीं तें दिव्याकडे किंवा आईच्या तोंडाकडे पाहत नाहीं, तेव्हां घरच्यांस शंका येते. त्या दोनतीन महिन्यांत डोळा जाण्याचीं कारणें थोडीं नाहींत. सुश्रुतानें उत्तरतंत्राच्या १९ व्या अध्यायांत तान्ह्या मुलांचा कुकूणक नांवाचा विकार वर्णिला आहे. त्यांत मूल डोळे, नाक व कपाळ चोळतें, उजेड सोसत नाहीं, डोळ्यांस पाणी येतें. आणि त्याला उपचार सांगितले आहेत. असा विकार चिघळून मूल आंधळें झालें तर वैद्यकाच्या दृष्टीनें तें रोगी, जात्यंध नव्हे. देवीनें फूल पडून गेलेल्या डोळ्यांची गोष्ट तीच. वीस वर्षांनीं भाऊबंदांत वांटणीचा कलह लागल्यावर हा भेद कोणीं व कशावरून सांगावा ? वारसा बुडवूं पाहणारानेंच तें सिद्ध केलें पाहिजे असा दंडक असल्यानें कित्येक आंधळे वांचले असतील.

हा भेद किती सूक्ष्म आहे याचें उत्तम उदाहरण लंडनचा शस्त्रवैद्य चेसल्डन याच्या १७२८ च्या लेखांत आहे. १३-१४ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यांवर शलाका चालवून त्यानें त्यास दृष्टि दिली. तो मुलगा जन्मतः आंधळा होता, किंवा त्याची दृष्टि इतक्या लवकर गेली कीं पाहिल्याची त्यास आठवणच नव्हती, असें त्यानें दोन्ही पर्याय ठेवून लिहिलें आहे. स्वतः डोळा उघडणारा वैद्य जेथें निश्चयानें बोलत नाहीं तेथें पंचांनीं काय बोलावें ! आपल्याकडील प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) यांस लोक सहज जन्मांध म्हणतात. परंतु त्यांची दृष्टि सुमारें नऊ महिन्यांचे असतां गेली असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. तेव्हां शास्त्राच्या काटेकोर अर्थानें ते जात्यंध नव्हत. लोकभाषेंतला ‘जन्माचा आंधळा’ आणि पोथींतला ‘जात्यंध’ हे एक नव्हेत, हें कागदपत्र वाचतांना विसरूं नये.

१९२८ सालच्या १२ व्या कायद्यानें हिंदूंचा वारसा रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक न्यूनामुळें बुडण्याचें बंद झालें. अपवाद ठेविला तो जन्मतः वेडा किंवा जड असलेल्याचा. दायभाग शाखेस, म्हणजे मुख्यतः बंगाल्यास, तो कायदा लागू नव्हता. ‘जाति’ शब्द डोळ्यांवरून उठला आणि बुद्धीवर तेवढा राहिला. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमानें तेंही संपलें.

आतां संग्राहकांस दोन शब्द. सुश्रुताच्या छापील प्रतींत यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली निर्णयसागरची डल्हणाच्या टीकेसह आवृत्ति सर्वत्र चालते. परंतु काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत इ. स. ८७८ ची जी ताडपत्री प्रत आहे ती डल्हणाच्या सुमारें तीन शतकें आधींची आहे. शारीरस्थानांतील वरील तिन्ही स्थळें त्या प्रतीशीं ताडून मगच पाठाविषयीं बोलावें. तंजावरच्या सरस्वतीमहालांत सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या वेळच्या नेत्ररोग्यांचीं इंग्रजी टिपणें व त्यांच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें जपून ठेविलीं आहेत. मराठी राजाच्या पदरीं डोळ्याचें चित्र काढून, रोग्याची हकीकत लिहून ठेवण्याची पद्धति त्या काळीं सुरू होती, ही गोष्ट आमच्या इकडील वाचकांस अजून पुरेशी परिचित नाहीं. तेथील मोडी रुमालांशीं हीं टिपणें जोडून वाचणारा मराठी अभ्यासक पाहिजे आहे.

वतनाच्या भांडणांचे महजर व निवाडे ज्यांच्या दप्तरांत असतील त्यांनीं ‘आंधळा’, ‘जन्मांध’, ‘डोळियांनीं अधू’ असे शब्द जेथें आढळतील ते कागद बाजूस काढावे. वांटा नाकारला असल्यास अंधत्व केव्हांचें म्हणून सांगितलें आहे, साक्ष कोणाची घेतली आहे, अन्नवस्त्राची तरतूद काय केली आहे आणि त्या आंधळ्याच्या पुत्राचें नांव पुढच्या वांटणीपत्रांत येतें कीं नाहीं, एवढ्या चार गोष्टी मूळ शब्दांत उतरून घ्याव्या. कागदावरील तिथि व शिक्के यांची नक्कल सोबत असावी.